धार चारच्या खाली

डॉक्टर बिद्रेंचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि संयोगिता पुण्यातल्या कचेरीत एका बैठकीला निघाली होती.

"ताई, कोल्हापूरहून बोलतोय. तुमच्या वडिलांना श्वास कमी पडतो आहे. घशातून नळी घालावी लागेल असं दिसतं. ती घातली की त्यांना बोलता येणार नाही, आणि त्यांना तुमच्याशी बोलायची इच्छा आहे. जमेल तसं येऊन जा."

आवाज शांत होता, एखाद्या लग्नाचं आमंत्रण द्यावं तसा.

"उद्या सकाळी निघाले तर चालेल ना?"

"लवकर आलात तर बरं होईल," डॉक्टर म्हणाले.

संयोगितानं त्यांचे आभार मानले, बैठक उरकली, संध्याकाळी बॅग भरली. अकरा वर्षांच्या लेकीची, अन्वीची, शाळा, डबा, क्लास हे सगळं नवऱ्याला, निशांतला, नीट समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती गाडीत बसली. मनात काळजी होती, पण घाई नव्हती. घाई करण्यासारखं काही कानावर आलंच नव्हतं.

तिच्या कानात कुडी होती.

कंपनीनं त्या यंत्राला दिलेलं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. लोकांनी पहिल्याच वर्षी ते टाकून दिलं. मोत्याच्या कुडीएवढं ते यंत्र कानाच्या पाळीमागून आत सरकायचं, म्हणून कुडी. सुरुवातीला ते भाषांतरासाठी आलं. समोरचा कानडीत बोलला की कुडी त्याच्या आवाजाच्या लाटेला नेमकी उलटी लाट सोडून तो आवाज कानातच मिटवायची आणि तेच वाक्य, त्याच माणसाच्या आवाजात, मराठीत ऐकवायची. यात डोळा मिटून उघडण्याएवढा उशीर व्हायचा. ओठ आणि शब्द जुळायचे नाहीत. पण मेंदू फार लवकर जुळवून घेतो. चारआठ दिवसांत माणसं समोरच्याच्या ओठांकडे बघायचं सोडून देत.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की कानडीचं मराठी होतं, तर कडू मराठीचं गोड मराठी का होऊ नये?

बोलण्यात दोन गोष्टी असतात. एक शब्दांतली माहिती, आणि दुसरी ती माहिती वाहून आणणारा सूर. आवाजाची उंची, वेग, कंप, दोन शब्दांमधली धाप. नव्या कुडीत या दोन्ही वेगळ्या काढल्या जात. माहिती जवळजवळ तशीच ठेवायची आणि सूर मात्र एका पट्टीवर मोजायचा, शून्य ते दहा. या पट्टीला कंपनीत 'धार' म्हणत. धार चारच्या वर गेली की कुडी ती खाली आणायची. ओरडणं, टोमणा, रडणं, हुंदका, सगळं चारच्या खाली. ऐकलेलं काहीही साठवायचं नाही, क्षणात पुसून टाकायचं, असा कायदाच होता. त्यामुळे लोकांना भीतीही वाटली नाही.

ही पट्टी कुडीला शिकवणाऱ्यांपैकी संयोगिता एक होती. भाषाशास्त्राची पदवी घेऊन ती पुण्यात आली, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या बोलीसाठी कंपनीनं तिला घेतलं. दिवसभर कानाला लावून बसायचं आणि आलेल्या प्रत्येक वाक्याला धारेचा आकडा द्यायचा. 'मुडद्या, जेवलास का?' आठ. 'ये की मर्दा, मेलास काय तिकडं!' नऊ. सुरुवातीला आकड्याशेजारी आणखी एक रकाना होता, 'हेतू' नावाचा. राग, माया, थट्टा, भीती, यातलं एक लिहायचं. पण एकाच वाक्यावर तीन परीक्षकांची तीन उत्तरं येऊ लागली. मुंबईची मुलगी जिथं राग लिहायची, तिथं संयोगिता माया लिहायची. वर्षभर वाद झाले आणि शेवटी तो रकानाच काढून टाकला. काढताना सगळ्या परीक्षकांच्या सह्या घेतल्या. संयोगितानंही सही केली. तिला ते तेव्हा सोयीचंच वाटलं होतं. निम्मं काम कमी झालं.

तिच्या वडिलांना, हिंदुराव मान्यांना, सगळी पेठ तात्या म्हणायची. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ते मेकॅनिक होते. पण त्यांची खरी ओळख फुटबॉलच्या मैदानावर होती. चाळीस वर्षं त्यांनी पेठेतल्या पोरांना खेळ शिकवला. शिट्टी कधी वापरली नाही. "मुडद्या, पाय हाय का फळकूट!" असं ते एका टोकाहून ओरडले की दुसऱ्या टोकाचा गोलकीपर दचकायचा. ज्याला ते शिव्या घालत नसत त्या पोराला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. संयोगिता त्याच आवाजात वाढली. कोल्हापूरच्या मुलींसारखी "मी येतो, मी जातो" म्हणणारी. पुण्यात आल्यावर तिनं ते बदललं.

आई गेली, तेव्हा तात्या पाच महिने पुण्याला येऊन राहिले. पहिल्या महिन्यात घरात एक जेवण धड झालं नाही. भाजीत मीठ, अन्वीचे कपडे, निशांतचं उशिरा उठणं, कशावरूनही तात्यांचा आवाज चढायचा. संयोगिताही बापाचीच लेक. ती उलट बोलायची. शेजारी दार वाजवायचे. एक दिवस तिनं ऑफिसातली नवी कुडी घरी आणली.

आणि सुरुवातीला कुडीनं खरंच चांगलं केलं. तात्या ताट सरकवून काहीतरी गरजले आणि तिच्या कानात त्यांच्याच आवाजात शांतपणे आलं, "तुझ्या आईच्या हातचं आठवतं. घास उतरत नाही." तिनं उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तात्या गप्प झाले. त्या रात्री तिला वाटलं, आपण माणसाच्या आतलं ऐकायला शिकलो. निशांतनंही कुडी घेतली. तीन वर्षांची झाल्यावर अन्वीलाही बसवली.

तात्यांनी मात्र हात लावला नाही. "माझं कान जुनं हायत, जुनंच ऱ्हाऊदेत."

पाचव्या महिन्यात एका रविवारी दुपारी ते जेवणाच्या टेबलाशी उभे राहून बराच वेळ बोलत होते. तिला ऐकू आलं, "आज मी तुझ्यावर थोडा नाराज आहे. आपण पूर्वीसारखं बोलत नाही." ती हसली. म्हणाली, "असू दे तात्या. चहा टाकू?" तात्या टेबलापासून मागं सरले. मग आत जाऊन त्यांनी बॅग भरली. तिला वाटलं, त्यांना कोल्हापूरची आठवण येत असेल.

संध्याकाळी निशांत तिच्याजवळ येऊन बसला. दुपारी त्याची कुडी चार्जिंगला होती, त्यानं उघड्या कानानं सगळं ऐकलं होतं. तो सांगू लागला, पण त्याचं सांगणंही तिच्या कानात येईपर्यंत गुळगुळीत झालं. "कागदावर लिही," ती म्हणाली. कागदाला कुडी नव्हती. त्यानं लिहिलं:

'भांड की माझ्याशी. शिव्या घालालोय तुला, आणि तू हसालीस. भिताडाशी बोलतोय का मी? आजपासनं मला लेक न्हाई.'

कागद तिनं दोनदा वाचला. मग तिनं कोल्हापूरला फोन लावला. "पोचलात का तात्या?" तिकडून शांत उत्तर आलं, "पोचलो. काळजी करू नकोस." तिला हायसं वाटलं. कुडी काढून विचारावं, असं मनात आलं होतं. पण आई गेल्यानंतर रोज कुणाचं तरी ओरडणं सोसावं, एवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. उद्या काढू, असं म्हणून ती झोपली.

उद्या आला नाही. दर उन्हाळ्यात दोन दिवस कोल्हापूरला जायचं, तात्यांनी थोडंच बोलायचं, तिनं ऐकून हसायचं, असं चालू राहिलं. अन्वी सहा वर्षांची होती, त्या उन्हाळ्यात मात्र एक वेगळंच घडलं. अंगणातल्या पाण्याच्या पिंपात वाकून बघताना तिच्या दोन्ही कुड्या आत पडल्या. तात्या तिथंच बाजेवर बसले होते. पोरगी भिजलेली, नाकावर शेवाळ. ते बघून त्यांना हसू फुटलं, मैदानावर फुटायचं तसं, सात मजली. अन्वीनं कळत्या वयात पहिल्यांदा उघड्या कानानं माणसाचं हसणं ऐकलं. ती किंचाळली, कानांवर हात दाबून भिंतीशी सरकत गेली आणि तिथंच भडभडून ओकली.

तात्या दोन पावलं पुढं आले, तशी ती आणखी किंचाळली. मग ते मागं सरकले. परसदारी गेले ते संध्याकाळपर्यंत आत आले नाहीत.

पुण्यात परतल्यावर कानाच्या डॉक्टरांनी अन्वीला तपासलं, मग म्हणाले, "आईचीही चाचणी करू." संयोगिताला कुडीशिवाय एका बंद खोलीत बसवून वीस वाक्यं ऐकवली. प्रत्येक वाक्य एकच: 'आलास का घरी.' बोलणारा कधी रागात होता, कधी आनंदात, कधी घाबरलेला, कधी चेष्टा करणारा. चारांपैकी एकावर खूण करायची. घामानं तिचे तळवे ओले झाले, तरी तिनं वीसही पूर्ण केली. सहा बरोबर आली.

"नुसत्या अंदाजानं खुणा केल्या असत्यात तरी पाच आल्या असत्या," डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिला समजावून सांगितलं. रंगांधळा माणूस असतो तसं हे. त्याला वस्तू दिसते, रंग दिसत नाही. सूर ओळखणारा भाग मेंदूच्या उजव्या बाजूला असतो. वापरला नाही तर तो पडीक जमिनीसारखा होतो. आणि पडीक जमिनीत एकदम पाणी सोडलं की ते मुरत नाही, वाहून जातं. म्हणून उघडा आवाज मेंदूला धोक्यासारखा वाटतो आणि अंग थरथरतं, ओकारी येते. "रोज अर्धा तास कुडी काढून माणसांशी बोला. वर्षभरात थोडं परत येईल. सगळं नाही."

तिनं तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी ऑफिसात महत्त्वाचं काम होतं.

सकाळी पुण्याहून निघालेली संयोगिता दुपारी साडेबाराला कोल्हापूरच्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर पोचली. डॉक्टर बिद्रे जिन्यातच भेटले. तिशीतला, डोळे तांबरलेला मुलगा. त्याच्या कानात काही नव्हतं. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांना कुडी घालायची मनाई होती. कण्हणं चारच्या खाली आलं तर रुग्णाला काय होतंय हे कळणार कसं?

तो हात हलवत बोलत होता. कानात आलं, "तुम्हांला थोडा उशीर झाला."

"तुम्ही जमेल तसं या म्हणालात."

त्यानं तिच्या कानाकडे बघितलं. मग खिशातून औषधांच्या चिठ्ठ्यांचं पॅड काढलं आणि भिंतीला टेकवून लिहिलं: 'मी ओरडून सांगितलं होतं. असाल तशा निघा. दोनदा.' खाली आणखी एक ओळ: 'काल दिवसभर ते बोलण्यासारखे होते. आता दहा मिनिटं. जास्त नाही.'

संयोगितानं मान हलवली. तो दार ढकलून आत गेला.

तात्यांची खाट खिडकीशी होती. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, त्यातून फक्त डोळे आणि कपाळ दिसत होतं. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. फुप्फुसं दगडासारखी होत जाणारा तो आजार होता, वर्षापासून. तिला तो ठाऊक होता. पण फोनवर त्यांचा आवाज नेहमीच खणखणीत यायचा. धाप लागलेला आवाज धारदार असतो. कुडी ती धाप काढून टाकायची.

खाटेशी वॉर्डातल्या मालन मावशी होत्या. साठीकडे झुकलेल्या, हिरवा डगला घातलेल्या. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं.

तात्यांनी तिला बघितलं आणि बोटांनी मुखवटा थोडा वर उचलला. ओठ हलले. छाती तीनदा उसळली. कानात आलं, "आलीस. प्रवास ठीक झाला का?"

अगदी गोळीबंद, निरोगी आवाज. समोर एक माणूस पाण्याबाहेरच्या माशासारखा तडफडत होता आणि तिच्या कानात तोच माणूस सकाळचा पेपर वाचत बसल्यासारखा बोलत होता. तिला एकदम स्वतःची किळस आली. तिनं दोन्ही कानांमागं बोटं घातली आणि कुड्या ओढून काढल्या.

आधी यंत्रांचा आवाज आला. मग तात्यांचा.

तो आवाज माणसाचा आहे हे तिला कळायला वेळ लागला. खरखर, शिट्टी, मधेच घुसमट, आणि त्यात अडकलेले शब्द. "संयू... हिकडं... हिकडं ये..." तिनं खाटेची दांडी घट्ट धरली. कानशिलं ठणकू लागली. ऐक, ती स्वतःला म्हणाली, हे तात्या आहेत, ऐक. "तुला... मी..." पाठीतून गार घाम आला. तोंडात आंबट पाणी भरलं. तिनं एक पाऊल मागं घेतलं, आपल्याही नकळत, आणि तात्यांनी ते पाऊल बघितलं. मालन मावशींनी वेळेवर भांडं पुढं केलं. ती त्यात ओकली.

तोंड पुसून तिनं वर बघितलं. तात्या बोलायचे थांबले होते. त्यांनी हात उचलला, सलाइनच्या नळीसकट, आणि स्वतःच्या कानाला बोट लावलं. मग तिच्या मुठीकडे बोट केलं. लाव.

तिनं मान हलवून नाही म्हटलं.

त्यांनी पुन्हा कानाला बोट लावलं. डोळे मिटून घेतले. तिनं कुड्या घातल्या.

मावशी भांडं घेऊन बाहेर गेल्या. तात्यांनी डोळे उघडले आणि बोलायला लागले. तीन-चार मिनिटं बोलत होते. श्वासाला थांबत, मुठीनं गादी ठोकत, एकदा डोळ्यांतून पाणी गळून मुखवट्याच्या कडेनं कानात गेलं, तरी बोलत होते. संयोगिताच्या कानात वाक्यं येत होती. "तुझी आठवण येत असे. तू शिकलीस, मोठी झालीस, याचं समाधान आहे. काही गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या तर बरं झालं असतं. अन्वीला माझ्याबद्दल सांग. तब्येतीची काळजी घे." शाळेच्या निरोप समारंभात पाहुणे बोलतात तसं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. पण गेली दहा वर्षं कान एक सांगायचे आणि चेहरे दुसरंच, आणि ती कानांवर विश्वास ठेवायला शिकली होती. त्या कपाळावरच्या आठ्या वेदनेच्या होत्या की रागाच्या, तिला सांगता आलं नसतं.

"तात्या," ती म्हणाली, "मला माफ करा."

ते काहीतरी शेवटचं म्हणाले. एवढंसंच वाक्य. कानात आलं, "आता तू विश्रांती घे."

डॉक्टर बिद्रे आले. पडदा ओढला. तासाभरानं पडदा सरकवला तेव्हा तात्यांच्या घशात नळी होती, आणि त्यांना झोपेचं औषध दिलं होतं. त्यांनी पुन्हा डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला ते गेले.

निशांत आणि अन्वी पुण्याहून निघाले होते. कागदपत्रांना वेळ होता. संयोगिता वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. मालन मावशी बादली घेऊन चालल्या होत्या, तिला बघून थांबल्या. बादली खाली ठेवली.

"मावशी, त्या दिवशी तात्या बोलत होते तेव्हा तुम्ही आत होता का?"

मावशींचे ओठ हलले. कानात आलं, "मी थोडी नंतर आले. मला शेवटचं वाक्य ऐकू आलं."

"काय म्हणाले?"

"त्यांनी तुमचा निरोप घेतला."

संयोगितानं कुड्या काढल्या आणि बाकावर शेजारी ठेवल्या. बाहेर रस्त्यावर कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं, जिन्यात दोन माणसं बोलत होती. सगळं अंगावर आलं. तिनं गुडघ्यांवर तळवे दाबले.

"आता सांगा. जसं म्हणाले तसं."

"बाई, तुमास्नी सोसंना. बघा की, कसं कापालाय अंग."

"सांगा."

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "मी भांडं धुऊन आत आलो. तवा तुमी म्हणाला, माफ करा. तर ते म्हणाले, 'सुटलीस बाई एकदाची.' एवढंच. फुडं काय बोलले न्हाईत."

सुटलीस बाई एकदाची. शब्द सगळे ओळखीचे होते. लहानपणापासून ऐकलेले. संयोगितानं ते मनात उलटेपालटे केले. बाप मरत असताना ओकणाऱ्या लेकीला उद्देशून हे म्हटलं असेल, तर यापेक्षा कडू काही नव्हतं. जा, टळली तुझी ब्याद. आणि दमलेल्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवताना म्हटलं असेल, तर यापेक्षा मऊही काही नव्हतं. लग्न लागल्यावर म्हणतात, बाळंतपण नीट झालं की म्हणतात. दोन्ही तेच शब्द. लिहून दिले असते तरी उपयोग नव्हता.

"कसे म्हणाले, मावशी?"

"कसं म्हंजे?"

"रागानं? का..."

"आवो, ऐकून कळतंय की."

"तुम्ही म्हणून दाखवा. त्यांच्यासारखं."

मावशींनी इकडंतिकडं बघितलं. मग बादलीशेजारी उभ्या राहून, मान थोडी कलती करून, मधे दम घेत त्यांनी ते वाक्य म्हटलं. संयोगिता डोळे मिटून ऐकत होती. आवाज वर गेला, खाली आला, 'बाई'वर जरा रेंगाळला. त्या रेंगाळण्यात काहीतरी होतं, एवढं तिला जाणवलं. पण काय होतं, ते हाताला लागेना.

"पुन्हा."

मावशींनी पुन्हा म्हटलं.

"पुन्हा एकदा."

तिसऱ्यांदा म्हणताना मावशींचा आवाज चिरकला. संयोगितानं डोळे उघडले. मावशी रडत होत्या, हे तिला गालावरून कळलं.

"तुमास्नी खरंच कळंना व्हय?" मावशी म्हणाल्या.

तिनं मान हलवली. जिन्यातली दोन माणसं मोठ्यानं काहीतरी बोलली. भांडत होती की हसत होती, कोण जाणे.

मावशी बाकावर तिच्या शेजारी टेकल्या. आतून कुणीतरी त्यांना हाक मारली, तरी उठल्या नाहीत. मग तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मायेनं म्हणाले. मायेनंच."

संयोगितानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मावशींनी चाळीस वर्षं या वॉर्डात काढली असतील. किती लेकींना, किती सुनांना त्यांनी हे वाक्य सांगितलं असेल, कधी खरं म्हणून, कधी मन राखायला म्हणून.

"खरंच?" तिनं विचारलं.

"खरंच," मावशी म्हणाल्या.

तिला दोन्ही 'खरंच' सारखेच ऐकू आले.